आखूड पंखांचे

बरणीचं झाकण फरशीवर पडून गरगरत राहिलं आणि दुपारची शांतता मोडली. उझमाने वळून पाहिलं. लेकीने, अफिफाने, बरणी उघडली होती. आतले तुडतुडे मात्र भाताच्या काडीला धरून बसले होते. एकही बाहेर आला नाही.

तुडतुडे म्हणजे भाताचा रस शोषणारी, तिळाएवढी तपकिरी कीड. कुठल्या शिवारातले कुठल्यांशी नात्याने जुळतात, वाऱ्यावर कुठून कुठे जातात, हे जनुकांवरून ताडणं उझमाचं काम. त्यासाठीच तिने घोटावड्यात बाबालाल आणि साबेराखालाकडे एका हंगामापुरती खोली घेतली. अफिफा तेव्हा रांगत होती.

भात वाळू लागला की तुडतुड्यांची लांब पंखांची पिढी निपजते आणि उडून जाते. शेजारच्या नांदे, भरे गावांतही तसंच. बाबालालच्या खाचरात मात्र भात पिवळा पडला तरी आखूड पंखांचेच निपजत. त्यांच्या जनुकांत दूरदूरच्या शिवारांच्या खुणा होत्या, म्हणजे ते उडतच इथे आले होते. पण इथून गेलेला एकही तिला कुठे सापडला नव्हता. तिने नमुने पुन्हा तपासले. तेच.

खाला हसली. "आमच्या दारी आल्यालं कुनी जात न्हाई बाई. भाडेकरू बघ की."

कारखान्यात महिनाभरासाठी आलेली माणसं मागच्या खोल्यांत अजून होती. विचारलं की ओशाळून हसत. निघणंच झालं नाही, म्हणत.

उझमाला मात्र निघायचंच होतं. मिरजेत अतीक एकटा होता. अफिफाला बाप फोनमध्येच भेटायचा. मागे दोनदा ती निघाली, आणि काहीतरी राहिलं म्हणून फाट्यावरूनच परतली.

आज रिक्षावाल्या किशोरने पिशव्या रिक्षात ठेवल्या. खालाने अफिफाच्या मुठीत खोबऱ्याची वडी दिली, डोळे पुसले.

"जाते म्हनू न्हाई. येते म्हन."

मागच्या दोन्ही खेपांना उझमा 'येते' म्हणाली होती. या वेळी तिने जीभ आवरली. "जाते, खाला."

खाला रागावली नाही. मायेने तिच्या गालावरून हात फिरवला.

किशोरने रिक्षा सुरू केली. थोडा वेळ थांबला.

मग बंद केली. काही न विचारता पिशव्या उतरवून ओट्यावर ठेवल्या.

उझमा उंबऱ्यातच उभी होती. पाऊल उचलायचं आहे, हे तिला कळत होतं.

कडेवरच्या अफिफाचा चिकट हात तिच्या पाठीवर फिरत होता, काहीतरी चाचपत.

"अम्मी, आपण इथं आलो तेव्हा आपल्याला पंख होते ना?"