आडवं सात

फायनलच्या आदल्या दिवशी निशाण तालमीत एरवी ढोल घुमायचा. यंदा भर दुपारी सगळी तालीम चिडीचूप बसून शब्दकोडं सोडवत होती. सतरंजीवर खेळाडूंच्या आया, बहिणी, बायका आणि दोन-चार म्हातारे बाप रांगेनं बसले होते, आणि प्रत्येकाच्या मांडीवर काचेची एक पातळ पाटी होती. कोडं संपल्यावर ज्याची पाटी निळी होई त्याला चहा मिळे. निळा हा तालमीच्या जर्सीचा रंग. पाटी तांबडी झाली तर काय, याची फिकीर कुणालाच नव्हती. आपल्या माणसांत तसं होणारच नाही, अशी सगळ्यांची खात्री होती.

तिसऱ्या रांगेत विजयमाला सरनोबत बसली होती. तिचा मुलगा हंबीर हा तालमीचा गोलकीपर. तो इतर खेळाडूंबरोबर भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता. सकाळपासून तो आईशी धड बोलला नव्हता. घरच्या माणसांची अशी झडती घेतलेली कुठल्या मुलाला आवडेल? पण न आवडल्याचं तोंडानं सांगायची सोय नव्हती, कारण सांगणाऱ्यावरच आधी संशय आला असता.

हे सगळं सुरू झालं दोन वर्षांपूर्वीच्या दंगलीपासून. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पेठा एकमेकींवर उठायच्या ते नवीन नव्हतं, पण त्या फायनलनंतर दुकानं जळाली आणि एका पोराचा डोळा गेला. सरकारनं स्पर्धाच बंद पाडली. यंदा परवानगी मिळाली ती एका अटीवर: दोन्ही संघांचे प्रेक्षक वेगळ्या दारांनी आत जातील आणि वेगळे बसतील. आता कोण कुणाचा, हे ओळखायचं कसं? पत्त्यावरून कळेना, कारण निम्म्या पेठा शहराबाहेरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या. विचारलं तर लोक खोटं बोलणार. तेव्हा पुण्याच्या एका कंपनीनं ही कोडेपाटी आणली.

पाटीबरोबर कंपनीचा निनाद परचुरे नावाचा तरुण आला होता. तो बोलायचा नेमकं आणि कुणाच्या डोळ्यांत न बघता.

"तुम्ही उत्तर काय लिहिता, यात पाटीला रस नाही," त्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. "कसं लिहिता ते ती बघते. प्रत्येक अक्षराआधी बोट जरा थांबतं. आम्ही त्याला थबक म्हणतो. आपल्या जिव्हाळ्याचं नाव असलं की थबक जवळजवळ नसतेच, डोक्याच्या आधी बोट पोचतं. परक्या नावापाशी बोट अडखळतं. माणूस कोड्यात गुंतलेला असतो, त्यामुळे बोटावर त्याचा ताबा राहत नाही. म्हणून तर कोडं."

कोडं सगळं संघांच्या नावांवरच रचलेलं होतं. पाटी मैदानाच्या दारासाठी होती, तालमीसाठी नव्हे. गेला आठवडाभर पेठेतले शेकडो प्रेक्षक तिकिटासाठी तालमीत येऊन कोडं सोडवून गेले होते, खेळाडूंच्या घरच्यांना तेवढी सूट होती. पण तालमीचा अध्यक्ष उदयसिंह सरनोबत, म्हणजे विजयमालाचा दीर, याला ती आपल्या कामाची वाटली. मागच्या फायनलला निशाणची पेनल्टीची सगळी आखणी आधीच फुटली होती, असं त्याचं ठाम मत होतं. हरलेल्या संघाला असं मत फार सोयीचं असतं. त्यानं कंपनीला गळ घातली आणि जाहीर केलं, की खेळाडूंच्या घरची माणसं कोडं सोडवतील, आणि ज्याच्या घरी तांबडी पाटी निघेल तो फायनलला बाहेर बसेल.

विजयमालाचं माहेर तोफखाना पेठेतलं, म्हणजे फायनलमधल्या समोरच्या संघाच्याच पेठेतलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिला काळजी नव्हती. लग्न होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. नवरा याच तालमीचा गोलकीपर होता. तो गेल्यावर हंबीरला मैदानावर नेणारी, त्याचे हातमोजे शिवून देणारी तीच. आणि खरं सांगायचं तर पाटी हातात आल्यावर तिला बरंच वाटलं. सांजच्या पेपरातलं कोडं ती रोज शाईनं सोडवायची. भाजी करपली तरी चालेल, पण कोड्यातलं एक घर रिकामं राहिलेलं तिला बघवत नसे.

तिनं बोट टेकवलं. उभं दोन: "उन्हात जवळ करता, मैदानात नाही, तीन घरं." सावली क्लब. सोपं होतं. आडवं चार: "रात्र सरताना बाणाचं टोक, वर फडकतं, तीन घरं." रात्र म्हणजे निशा, बाणाचं टोक म्हणजे शेवटचा ण. निशाण! ती गालातल्या गालात हसली. हा कोडं रचणारा गडी पोचलेला दिसत होता. शेवटी आडवं सात तेवढं उरलं: "आधी डागा, मग जेवायला सांगा आणि लगेच नको म्हणा, चार घरं." डागायची ती तोफ. जेवायला सांगायचं तर खा. नको म्हणजे ना. वा! उत्तर सुटल्याच्या भरात तिचं बोट चारही घरांवरून सरळ धावलं.

पाटी तांबडी झाली.

शेजारची बाई अशी झटकन सरकली, की तिच्या हातातला चहा सतरंजीवर सांडला.

विजयमालाला आधी काही कळेना. मग तिनं दोन्ही बाजूंच्या पाट्यांकडे पाहिलं. दोन्ही निळ्या होत्या, आणि दोन्हींवर आडव्या सातची चारही घरं कोरी होती. पुढच्या रांगेतही कोरी. सगळ्यांचीच कोरी. तेव्हा तिच्या लक्षात आलं. फायनलची जोडी ठरली, की सामना होईपर्यंत निशाणच्या पेठेत त्या दुसऱ्या संघाचं नाव कुणी घेत नाही आणि लिहीतही नाही. म्हणायचं ते "पलीकडले". रिक्षावालेसुद्धा त्या आठवड्यात "पलीकडच्या पेठेत जायचंय का?" असं विचारतात. विजयमालानं हा नेम इतकी वर्षं न चुकता पाळला होता. पण ते तोंडानं. कोडं हे तिच्या लेखी कोडं होतं, तिथं कसली आली पेठ?

"हितं सगळ्यांनी ते घर मोकळं सोडलंय," परचुरे पाटीवर वाकत उदयसिंहला सांगू लागला, आणि आपण त्यांच्यासारखं बोललो हे ध्यानात येऊन थोडा ओशाळला. "म्हणजे, पहिल्याच दिवशी तुमच्या शेकडो लोकांनी ते रिकामं ठेवलं. पाटी त्यावरून शिकली. रिकामं ठेवणं हीच इथली खूण. यांनी ते भरलं, आणि थबक जवळपास शून्य आहे. स्वतःचं नाव लिहावं तसं लिहिलंय."

एवढं पुरे होतं.

"मी म्हणत नव्हतो?" मागून कुणी तरी ओरडलं. "फितूर घरातच हाय!"

"हिचा भाचा तिकडं पेनल्टी मारतोय, आन हिचा पोरगा हितं अडवतोय. घ्या! आत्याबाईंची मजाच हाय की!"

"चहा प्यायला जाती व्हय गं माहेरी, का आखणी पोचवायला?" ही तर तिच्या भिशीतली मैत्रीण होती. दर महिन्याला हिच्या घरी पोटभर खाऊन जाणारी.

विजयमाला उठून उभी राहिली. "कोडं घातलं, मी सोडवलं," ती म्हणाली. "रिकामं सोडायचं हुतं, तर घातलं कशाला? आन तुम्हाला कुणालाच ते उत्तर आलं न्हाई असं म्हणता का? आलं सगळ्यांना! मनात सगळ्यांनीच ते नाव घेतलंय!"

हे बोलायला नको होतं. ते खरं होतं, म्हणून तर सभागृह जास्तच खवळलं. हंबीर भिंतीपासून हलला नाही. आईच्या बाजूनं तो एक शब्द बोलला नाही, आणि विरुद्धही नाही. त्याचे कान मात्र लालबुंद झाले होते.

उदयसिंहनं हात वर करून गलका थांबवला आणि वहिनीला मागच्या साहित्याच्या खोलीत नेलं. दार लावताच त्याचा अध्यक्षपणा गळून पडला. त्याच्याकडे दुसरा गोलकीपर होता तो नावापुरता. सरावात त्याच्या पायांमधून चेंडू जायचा तेव्हा पोरं टाळ्या वाजवायची.

"वैनी, परत सोडवा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पाटी गडबडली म्हणून सांगतो मी. फकस्त ते आडवं सात सोडा. मोकळं ठेवा. एवढं जमतंय का न्हाई?"

"म्हणजे मी फितूर न्हाई, हे तुम्हाला ठावं हाय."

"मला काय ठावं हाय ते सोडा. बाहेरच्यांना निळी पाटी पायजे. न्हाई झाली तर हंबीर उद्या खेळत न्हाई, आन मग पेठेत ऱ्हाणं अवघड हुईल तुम्हा दोघांचं. मी काय करणार न्हाई, पण मी कुणाला थांबवणार पण न्हाई."

"थोरल्या भावाच्या बायकोला धमकी देताय, भावजी?"

"खरं सांगालोय." त्यानं नजर चुकवली. "तुमच्या रक्तातच हाय ते, वैनी. दादा हुता तवा बी आम्हाला दिसायचं. तो बोलू देत नव्हता म्हणून."

विजयमालाला इतका संताप आला, की समोरच्या जाळीतला एखादा चेंडू उचलून त्याच्या तोंडावर हाणावा असं वाटलं. एवढ्या वर्षांत तिनं या घराला काय दिलं नव्हतं? आणि हे लोक आतल्या आत तिचं माहेर मोजत बसले होते, नवऱ्याच्या दहाव्यालासुद्धा! पण मैदानाशिवाय हंबीरचं जगात दुसरं काही नव्हतं. बाप गेल्यावर वर्षभर तो बोलायचा तो फक्त चेंडूशी. ती बाहेर आली आणि आपल्या जागेवर बसली.

परचुरेनं कुरकुर केली. दुसऱ्यांदा सोडवलेल्या कोड्याला अर्थ नसतो, असं तो म्हणाला. त्याचं कुणी ऐकलं नाही. त्यानं संघ तेच, पण सूत्रं नवी असलेलं कोडं पाटीवर आणलं. सगळं सभागृह तिच्या बोटाकडे बघत होतं. ती एकेक घर भरत गेली. आडवं सात आलं. सूत्र वाचताच उत्तर तिच्या आत उभं राहिलं. बोट तिकडे निघालं आणि तिनं ते मागं ओढलं. चार पांढरी घरं तिच्याकडे बघत राहिली. त्या वेळी तिला स्वतःविषयी एक गोष्ट कळली आणि ती कळायला नको होती. पहिल्या वेळी ती चार अक्षरं लिहिताना तिला आनंद झाला होता. तो उत्तर सुटल्याचा आनंद होता, की त्या नावाचा? इतक्या वर्षांत ते नाव तिनं पहिल्यांदा हातानं लिहिलं होतं. तिला आठवेना. आठवलं तरी पटेना.

ती पुढचं घर भरू लागली. शेवटचं अक्षर पडलं आणि पाटी निळी झाली.

"पाटीच बिघडली हुती!" उदयसिंह मोठ्यानं म्हणाला. टाळ्या पडल्या. तिला फितूर म्हणणाऱ्यांनीच आधी वाजवल्या. भिशीतली मैत्रीण चहाचा कप घेऊन आली. विजयमालानं तो घेतला नाही. परचुरे तेवढा पाटीवर बराच वेळ डोळे रोखून होता. मग त्यानं ती पिशवीत टाकली.

सभागृह रिकामं झाल्यावर हंबीर जवळ आला. तो तिच्या शेजारी बसला नाही, समोर उकिडवा बसला, पेनल्टीच्या आधी बसतो तसा.

"जमलं कसं तुला?" त्यानं विचारलं.

"काय?"

"निळी करायला."

"तुझ्यासाठी केलं. एक घर सोडलं, बास."

"ते कळलं मला. म्हणजे पाटीला फसवता येतंय." तो हळू बोलत होता आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "आई, दोन पाट्या झाल्या तुझ्या. त्यातली तू कुठली?"

"मी तुझी आई हाय."

"ते मी इचारलंच न्हाई." त्यानं मान वर केली. "उद्या पेनल्टीला इंद्रजित समोर आला, आन त्याचा बॉल मी अडवला, तर तुला पोटातनं आनंद हुईल का? तोंडानं न्हवं. पोटातनं."

इंद्रजित म्हणजे तिचा भाचा. त्याला पहिले बूट तिनंच घेऊन दिले होते. हा प्रश्न हंबीरला आजवर कधी पडला नव्हता. ती दोघांच्याही सामन्याला जायची, दोघांनाही जेवू घालायची, आणि त्यातलं जास्त कोण हे या घरात कुणाला मोजावं लागलं नव्हतं.

"हुईल," विजयमाला म्हणाली.

पण म्हणण्याआधी ती थांबली होती. अगदी थोडी. शेजारी कुणी असतं तर त्याच्या लक्षातही आलं नसतं. हंबीरच्या आलं. गेला आठवडाभर तो पाटीजवळ उभा राहून लोकांची बोटंच बघत होता. हातमोजे काखेत मारून तो सरावाला निघून गेला, आणि ती त्या रिकाम्या सभागृहात स्वतःच्या त्या एका क्षणाकडे बघत बसली. खोटं बोलणारा माणूस थबकतो. पण ज्याला आपलं उत्तर खरोखरच ठाऊक नाही, तोही थबकतोच ना? मग त्या दोन्हींतला फरक आता तिच्या मुलाला कोण सांगणार होतं?