पाट रिकामा आणू नये

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करायचं म्हणून रत्नामावशी आणि गुरुदत्तकाका संध्याकाळी हॉटेलातून बाहेर पडले. हॉटेल इंग्लंडातलं. गावाचं नाव सांगत नाही. तिथेही आपली माणसं राहतात, त्यांची झोप कशाला उडवा. मागल्या वर्षी गणपती ऑगस्टअखेर आले, आणि नेमकं तेव्हाच या दोघांचं ब्रिटनच्या बसटूरचं बुकिंग होतं. मावशी आधी नाहीच म्हणाली होती. लग्नापासून तिने गणपती चुकवला नव्हता. मग काकांनीच तोडगा काढला. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या घरी मावशीने वीतभरही नाही एवढी मातीची मूर्ती केली, साडीत गुंडाळून पर्समधून विमानात नेली. हॉटेलात चहाचा ट्रे असतो ना, तोच पाट.

गुरुदत्तकाका तुम्हाला माहीत आहेत. गाड्यांचे ब्रेक बनवण्याच्या कारखान्यात जन्म गेला, पण आवाज कधी चढला नाही. घरात कोळी दिसला तर पेल्यात धरून बाहेर सोडणारा माणूस. वरचे दात सगळे गेलेले, कवळी लावायचे. त्यामुळे जेवणानंतरची सुपारी मावशी लोखंडी खलबत्त्यात कुटून द्यायची. चाळीशीपासून जडलेली सवय, सुटत नव्हती.

टूर मजेत चालली होती. लंडन झालं, बाथ झालं, मोठ्या दगडांचं ते वर्तुळ झालं. ते बघून एका नागपूरच्या काकू म्हणाल्या, एवढे दगड तर आमच्या माहेरच्या रस्त्याला पडलेत, तिकीट कुणी लावत नाही. टूर मॅनेजर शैलेंद्र पुण्याचा, तोंडाचा गोड. बस सुटायच्या आधी डोकी मोजायचा आणि रोज तेच म्हणायचा, एक कमी भरला तर मी शोधीन, एक जास्त भरला तर कुणाचा आहे ते तुम्ही बघा.

त्या गावी सकाळी नदीकाठचा बुरूज दाखवला. जुना तुरुंग. तिथल्या गोऱ्या गाइडने गोष्ट सांगितली, शैलेंद्रने मराठीत केली. तिथे एक पहारेकरी होता म्हणे. फाशी जाणाऱ्याने वर चढून काही बोलू नये, देवाचंही नाव घेऊ नये, म्हणून आदल्या रात्री तो कोठडीत जायचा आणि लोखंडी दांडक्याने त्याचा जबडा फोडायचा. कितीकांचे फोडले त्याला गणती नाही. शेवटी एकदा गावाने त्यालाच धरलं. त्याच्याच दांडक्याने त्याचे वरचे दात पाडले, एक ठेवला नाही, आणि जिवंतपणीच नदीत दाबून धरला. पाणी उतरलं की चिखलात अजून दात सापडतात, असं म्हणून गाइड हसला. सगळे हसले. काकांनी कवळी हातात काढून दाखवली आणि म्हणाले, माझे तर आपोआपच गेले, गावाला त्रास दिला नाही.

मावशीला ते आवडलं नाही. मेलेल्या माणसाची थट्टा त्याच्या दारात उभं राहून करू नये.

तर संध्याकाळी तिघं नदीवर गेले, दोघं आणि गणपती. उन्हाळा कोरडा गेलेला, पाणी आटलेलं, काठाला काळा चिखल. मावशीने मूर्ती तीनदा बुडवून सोडली, पुढच्या वर्षी लवकर या म्हणाली. आणि मग आपल्याकडे करतात तेच केलं. विसर्जनाहून पाट रिकामा आणू नये. तिची आई नदीची वाळू आणायची, सासू आणायची. तिने वाकून चिखलाची मूठ उचलली, ट्रेवर ठेवली. वर बुरूज होता, पण तिच्या ते ध्यानातच नाही. मातीत एक पांढरा खडा होता. बरा दिसला, तोही ठेवला. मेतकुटाची डबी रिकामी झाली होती, त्यात भरलं.

सकाळी शैलेंद्रने डोकी मोजली. एक जास्त भरला.

हसला, परत मोजली. बरोबर आली. कुणी मनावर घेतलं नाही. मावशीच्या मागची सीट मात्र ओली होती. ड्रायव्हरने फडक्याने पुसली, एडिंबरा येईपर्यंत ती परत ओली झाली. छप्पर गळतं म्हणाला. पाऊस तर नव्हता.

डेट्रॉइटच्या विमानतळावर तपासणीवाल्याने लोणचं काढून घेतलं, मेतकुटाची डबी सोडली. घरी आल्यावर मावशीने ती माती खड्यासकट तुळशीच्या कुंडीत मिसळली. पवित्र माती, दुसरीकडे कुठे टाकणार? तुळस अशी फोफावली की येणारी-जाणारी विचारू लागली, काय घालतेस गं.

ऑक्टोबर लागला. मिशिगनची थंडी, तुळस दिवसा मागच्या लाकडी डेकवर आणि रात्री गॅरेजमध्ये. आणि सकाळी गॅरेजचं वर सरकणारं दार उघडं सापडू लागलं. काकांनी बटण तपासलं, बॅटरी बदलली. मग एकदा दारात ससा पडलेला मिळाला. अंगावर ओरखडा नाही. तोंड तेवढं ठेचलेलं. काका म्हणाले कोल्हा असेल. मावशी म्हणाली, कोल्हा खाल्ल्याशिवाय जाईल का? काकांनी झाडाखाली खड्डा करून ससा पुरला.

आली नोव्हेंबरची पहिली तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी घरी तुळशीचं लग्न. इंडियन स्टोअरमधून ऊस आणला, चिंचा-आवळे आणले, पूजेच्या सुपाऱ्या काढून ठेवल्या. रात्री कडक गोठणार असं फोनवर आलं, म्हणून मावशीने काकांना सांगितलं, आज कुंडी गॅरेजमध्ये नको, थेट हॉलमध्ये आणा. उद्या तिथेच लागणार आहे.

काकांनी कुंडी उचलली आणि दारातच थांबले.

"जड झालीये गं. माणूस उचलल्यासारखी."

आणली आत. जेवणं झाली, मावशीने सुपारी कुटली, बत्ता ओट्यावर ठेवला. काकांनी कवळी वाटीत पाण्यात टाकली. घड्याळं मागे करायची ती रात्र. रात्री दोन वाजले की परत एक वाजतो, एक तास दोनदा येतो. फोन आपोआप बदलतात, ओव्हनचं घड्याळ सकाळी बदलू म्हणून दोघं झोपली.

मावशीला जाग आली ती गॅरेजच्या दाराने. ते वर चढत होतं. करकरत. शेजारी हात लावला तर अंथरूण गार. काका नव्हते.

जिन्यात ओलं होतं. नदीचा वास. चिखलाचा.

खाली हॉलमध्ये काका तुळशीसमोर उभे होते, पाठमोरे. मावशीने हाक मारली, अहो. ते वळले नाहीत. पुन्हा हाक मारली. मग वळले. हातात बत्ता होता.

डोळे काकांचेच होते. पण त्यांत काका नव्हते.

ते धावले नाहीत. चालत आले. सवयीच्या माणसासारखे, रोजचं काम करायला निघाल्यासारखे. पहिला घाव तिच्या तोंडावर धरलेला होता, तिने हात मध्ये घातला. मनगट मोडलं. आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली. दुसरा घाव भिंतीत बसला. ती स्वयंपाकघरातून पळाली. मागे काचा फुटत होत्या, देव्हारा खाली आला, ऊस काडीसारखे मोडले. न्हाणीघराचं दार तिने आतून लावलं आणि पाठ टेकून बसली.

बत्ता दारावर पडू लागला. एक लय होती त्याला. घाव... थांबणं... घाव. फळी चिरली. चिरेतून तो आत वाकून बघू लागला. तोंड उघडं. वरच्या हिरड्या कोऱ्या. आणि त्या तोंडातून पाणी गळत होतं.

मग थांबलं.

बराच वेळ काही नाही. मग हुंदका ऐकू आला. ओळखीचा. मावशीने दार उघडलं. काका जमिनीवर बसून रडत होते, हातातला बत्ता बघत होते. तिचं लोंबतं मनगट बघितलं आणि बत्ता हातातून टाकला. पोलिसांना बोलाव म्हणाले कसेबसे. मला घेऊन जाऊ देत.

पोलीस आले असते तर काय झालं असतं? हातकड्या. पुढचं कोण ऐकतंय? चाळीस वर्षांचा संसार, तो माणूस कोठडीत गेला असता, न केलेल्या गुन्ह्यासाठी. मावशीने फोन उचलला तो वेळ बघायला. एक वाजला होता. ओव्हनवर दोन.

तोच तास परत लागला होता.

तेव्हा तिचं लक्ष हॉलकडे गेलं. सगळं फुटलं होतं. तुळस धड होती. पान हललं नव्हतं. मातीत मात्र पाच बोटं आतून वर आल्यासारख्या भेगा होत्या. आणि सगळ्यांच्या वर तो पांढरा खडा. तिने तो खोल पुरला होता. तिने दिव्याशी वाकून पाहिलं. खड्याला मुळं होती, दाढेला असतात तशी. दोन.

गाइडचं हसणं आठवलं. आणि काकांचं... कवळी हातात धरून.

गॅरेजचं दार वाजलं. ते वर चढू लागलं.

काका उठून उभे राहिले. या खेपेला त्यांना कळत होतं, ते सगळ्यात वाईट. तिच्याकडे बघत होते आणि हात बत्त्याकडे जात होता.

"रत्ना... परत आलाय. पळ."

ती पळाली नाही. तिने तुळस धरली. माहेरच्या बियांची तुळस, जिच्यापुढे एक दिवस दिवा चुकला नाही, उद्या जिचं लग्न. मोडक्या हातासकट कुंडी कवटाळली. खरंच जड होती. आत कुणीतरी बुडाकडे ओढत होतं. सरकतं दार खांद्याने उघडलं. मागे पाय वाजले. ओले. खांद्यावर घाव बसला, ती गुडघ्यावर आली. सोडलं नाही. दुसरा घाव कानाजवळून गेला. तिने तुळशीला म्हटलं, आई, माफ कर. आणि कुंडी डेकच्या कठड्यावर आदळली.

कुंडी फुटली.

काका तिच्या मागोमाग उंबऱ्याला अडखळून पडले. तोंड सरळ त्या मातीत. एकदा अंग ताठ झालं. मग सैल पडलं.

गार हवा. काही नाही. पाय नाहीत, वास नाही.

तिने त्यांना उलटं केलं. तोंड मातीने भरलं होतं. तिने बोटाने काढली. रक्त होतं. श्वास चालू होता. डोळ्यांत काका होते.

इस्पितळात नर्सने काकांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि मावशीला तो इथला ठरलेला प्रश्न विचारला, घरी सुरक्षित वाटतं का. मावशी म्हणाली, जिन्यावरून पडले. सांता क्लाराहून मुलाचा, ईशानचा फोन आला. "मॉम, खरं सांग. डॅडने काही केलं?" तिने त्यालाही तेच सांगितलं. काका बाहेर तोंडाला रुमाल धरून बसले होते. त्यांना तपासतो म्हणाले तर नको म्हणाले, कवळी लागलीये नुसती.

घरी आल्या आल्या मावशी डेकवर बसली. तुळस गोठून काळी पडली होती. मावशीने एका हाताने पिठाच्या चाळणीतून सगळी माती चाळली. चिमूट चिमूट. फळ्यांच्या फटीत सुई घालून पाहिलं. खडा पुन्हा नदीत नेऊन टाकायचं तिने ठरवलं होतं, तिकीट काढून, त्याच काठाला.

खडा नव्हता.

मग तिने माती पिशवीत बांधली, हात धुतले, वरणभात केला. काका नेहमीसारखे जेवले. नेहमीसारखं म्हणाले, छान झालंय. आता मोडक्या हाताने सुपारी कशी कुटणार म्हणून ती जराशी टेकली. डोळा लागला असेल नसेल.

स्वयंपाकघरातून आवाज आला.

कट्...

अख्खी पूजेची सुपारी दाताखाली फुटल्याचा.

मावशीने मान वळवली. कवळी तिच्या उशाशी होती. वाटीत, पाण्यात.