बावीस राज्यं आणि दोन फॉर्म

गुरुवारी सकाळी मेपल गल्लीतले कचऱ्याचे डबे आपल्याच चाकांवर गडगडत रस्त्याकडेला निघाले, की त्यांच्यामागे गप्पा छाटायला माणसंही निघत. न्यू जर्सीतल्या या गल्लीत मराठी घरं सात, आणि सातांनाही हर्षद खांबेट्याने कधी ना कधी गंडवलेलं.

"बावीस राज्यं, तीस दिवस, आणि गाडी मी स्वतः चालवणार!" हर्षदने जाहीर केलं. गाड्या आपोआप धावायच्या त्या दिवसांत हे म्हणजे लिफ्ट सोडून दोरीने माडीवर चढण्यातलं होतं.

"केतकीला विचारलंत?" समोरच्या घरातल्या डॉ. उल्का नेरुरकर म्हणाल्या.

"विचारायचं काय, उल्काताई? सत्तावीस वर्षांचा संसार आहे. ती काय म्हणणार, ते तिच्याआधी मला कळतं."

"मग लावा पैज. शंभर तालमी घेऊ. निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही दोघं एकत्र घरी परतलात, तर मी हरले."

"हरेल त्याने नऊवारी नेसून, नथ घालून अख्ख्या गल्लीचं गवत कापायचं!"

टाळी पडली. पैज पक्की.

तालीम म्हणजे छायामनांची. छायामन म्हणजे आपल्या स्वभावाची यंत्रातली नक्कल. तीनशे प्रश्नांची उत्तरं द्यायची: चहा गार मिळाला तर काय म्हणता, रस्ता चुकला तर खापर कुणावर फोडता. त्यावरून यंत्र तुमच्यासारखंच चिडणारं, हसणारं मन उभं करतं आणि तुमच्या बेतावर सोडतं. तीस दिवसांचा प्रवास ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत करून येतं. लोक आता लग्नसुद्धा तालीम घेऊन ठरवत.

हर्षदने आपला फॉर्म भरला. मग केतकीचाही भरला. ती औषधांच्या दुकानात कामावर होती, आणि व्हिसापासून विम्यापर्यंत तिचा प्रत्येक फॉर्म आजवर त्यानेच भरलेला. शिट्टी वाजवत तासाभरात तीनशे उत्तरं.

शनिवारी उल्काताईंच्या गॅरेजातल्या तालमीच्या यंत्रावर निकाल लागला. हर्षद केतकीला घेऊन ऐटीत आला.

"सत्त्याण्णव वेळा," उल्काताई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हर्षद एकटेच परतले."

"आणि मी?" केतकीने विचारलं.

"तू वाटेत उतरलीस. कधी नेब्रास्कात, कधी मोंटानात. भांडण नाही, तंटा नाही. पेट्रोल पंपावर उतरलीस आणि परत गाडीत बसलीच नाहीस."

हर्षद खदखदून हसला. "यंत्र बिघडलंय तुमचं!"

"केतकी," उल्काताई म्हणाल्या, "गाडीत गप्प का बसता, या प्रश्नाला तू लिहिलंयस: 'बोलून काय, ऐकणारा तर स्वतःच्याच विनोदाला हसतोय.'"

"मी कुठे लिहिलं? मी फॉर्म पाहिलेलाच नाही."

हर्षदने कान खाजवला. "अगं, मी भरला. गंमत म्हणून लिहिलं ते! म्हणजे छायामन तिचं नव्हतंच. पैज रद्द, उल्काताई!"

"तिचं नव्हतं, खरंय," उल्काताई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या डोक्यात जी केतकी आहे, तिचं होतं. उतरली ती."

केतकी म्हणाली, "पैज ती पैज, हर्षद. नऊवारी माझी नेस, हिरवी. आणि उल्काताई, मला एक कोरा फॉर्म द्या."

रविवारी सकाळी अख्खी गल्ली खुर्च्या टाकून बसली. हर्षदने कासोटा खोचला, नथ सावरली आणि यंत्र ढकलत गवत कापायला लागला. गडी हाडाचा नकलाकार. तिसऱ्या अंगणात त्याने ठुमका मारला तेव्हा म्हाताऱ्या रेगेकाकांना ठसका लागला. शिट्ट्या, फोटो, टाळ्या. तो मात्र सारखा आपल्या अंगणाकडे बघत होता. तिथे केतकी मांडीवर फॉर्म घेऊन लिहीत होती. सावकाश. एकेका प्रश्नावर थांबून.

तो सातव्या अंगणात पोचेपर्यंत ती उल्काताईंच्या गॅरेजात जाऊन परतही आली. हातात निकालाचा कागद. तिने तो वाचला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"किती गं?" नथ ओठांवर लोंबत असताना हर्षदने विचारलं. "किती वेळा परतलो आपण?"

केतकीने त्याच्या खांद्यावरचा घसरलेला पदर नीट केला. गल्ली पुन्हा हसली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "निघायचं कधी?"