नव्या टाकीचं पाणी

"फिल्टरमधला जुना स्पंज कुणी फेकला?"

भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि त्याच्या ओल्या तळहातावर एक मासा होता. बशीसारखा गोल, चपटा, निळ्या रेघांचा डिस्कस... कालपर्यंत ताईच्या बोटांतून खाणारा, आणि आता निपचित. भांडी विसळणाऱ्या भावजयीच्या हातातला पेला तसाच राहिला. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला ताईने पाहिला. पाहिला म्हणूनच तिच्या तोंडून तो शब्द निघून गेला.

"मी."

खोटं होतं ते, साफ खोटं! स्पंज फेकला होता भावजयीने, आणि त्या बिचारीच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. नवं घर, भिंतभर लांब नवी कोरी माशांची टाकी, आणि तिच्यात जुन्या टाकीतून आणलेला तो काळपट, चिखलासारखा वास मारणारा बोळा... नवऱ्याला बरं वाटावं म्हणून तिने तो कचऱ्यात टाकला आणि नवा करकरीत स्पंज बसवला. करायला गेली एक आणि झालं भलतंच! त्या मळातच तर सगळं होतं. माशांच्या घाणीतून पाण्यात विष तयार होतं. ते खाऊन टाकणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी त्या स्पंजात बिऱ्हाड केलेलं असतं. नव्या टाकीत ते नव्याने वाढायला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून तर जुना स्पंज जपून सोबत आणायचा. हे सगळं भावाला ताईनेच शिकवलेलं.

"तू?" भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. "ताई, तुझ्या हातून ही चूक होणं शक्यच नाही. म्हणजे मुद्दाम..." त्याचा आवाज चिरकला. "हिच्या आवडीने टाकी घेतली, म्हणून ना? नको होती तर तोंडाने सांगायचंस. मुक्या जिवांवर कशाला राग काढलास?"

ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आईवडिलांच्या माघारी ज्याला तळहाताच्या फोडासारखा जपला, ज्याच्या शिक्षणासाठी आलेली चांगली स्थळं "थोडं थांबू" म्हणत परत पाठवली आणि मग थांबता थांबता स्थळं यायचीच थांबली, तो आज तिला हे विचारत होता! पण आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायचं कुणाला?

संध्याकाळी भावजय तिच्या खोलीत आली आणि रडायलाच लागली. "ताई, मी सांगते त्यांना खरं."

"काही सांगायचं नाही," ताई म्हणाली. "तुला येऊन अजून वर्ष झालेलं नाही. तुमचं दोघांचं नवं आहे, जरा मुरू दे. माझ्यावर चिडून तो जाणार कुठे?"

जुनी टाकी सामान हलवताना तडकली होती, मासे परत तिच्यात सोडायची सोय नव्हती. माशांच्या दुकानातला वापरलेला स्पंज आणावा, तर त्यासोबत रोग यायची धास्ती. डिस्कस म्हणजे भारी नाजूक जात. उरला एकच उपाय. विष साचू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ अर्धं पाणी काढायचं आणि पिंपात साठवून मुरवलेलं, बेताचं कोमट केलेलं पाणी त्या जागी हळूहळू ओतायचं. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभ्याने कापड कापून आलेली ताई चप्पल काढायची ती थेट बादली उचलायला. कंबर आखडून यायची, बोटं भिजून सुरकुतायची. मासे कोपऱ्यात काळवंडून, कल्ले भराभर हलवत उभे, आणि भाऊ तिच्या शेजारून जाताना भिंतीकडे बघत जायचा. बादल्यांचं ओझं तिला झेपत होतं. हे झेपत नव्हतं...

भावजय मदतीला आली की ती तिला हाताच्या खुणेनेच परत पाठवायची. त्याच्या मनात शंका नको यायला! असली कसली ही माया, म्हणाल तुम्ही. पण होती खरी.

एका संध्याकाळी भाऊ कामावरून परतला तेव्हा ताईचा हात कोपरापर्यंत टाकीत होता. सगळ्यात मोठा मासा तिरका होऊन तळाला टेकला होता आणि ती त्याच्या बाजूने संथपणे पाणी सोडत होती.

"हात काढ," भाऊ म्हणाला.

"अरे, एवढी बादली..."

"हात लावू नकोस त्यांना. तू काही दिवस मावशीकडे जाऊन राहा, ताई. मलाच त्रास होतोय तुला इथे बघून."

ताईने हात बाहेर काढला. बोटांवरून पाणी फरशीवर ठिबकत राहिलं आणि पुसायचंही तिला सुचेना.

"ताई कुठेही जाणार नाहीत," भावजय दारातून म्हणाली. ती पुढे आली. "स्पंज मी फेकला. घाण वाटला म्हणून फेकला. त्यांनी माझं नाव झाकलं, आणि मी भित्री, झाकू दिलं."

भाऊ तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. एकदा बायकोकडे, एकदा बहिणीच्या त्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे बघत तो मटकन खाली बसला. "ताई... तू का नाही बोललीस?"

"मी खोटं बोलले, ती माझी चूक," ताई म्हणाली. तिचे डोळे कोरडेच होते. "पण तू ते खरं मानलंस रे. इतक्या पटकन."

त्याने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. ताईचा हात सवयीने उचलला गेला, क्षणभर हवेतच अडखळला, आणि मग त्याच्या केसांवर आला.

"दमले रे मी," ती म्हणाली.

उभ्या आयुष्यात त्याने तिच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. त्याने डोळे पुसले, तिला धरून खुर्चीत बसवलं आणि बादली उचलली. भावजयीने पिंपातलं पाणी मगाने भरून दिलं. दोघं नवशिकेच ते; फरशीवर पाणी सांडल्याचा आवाज झाला, मग दबक्या आवाजात "हळू ना", मग पुन्हा सांडलं. ताईने ऐकलं, पण ती उठली नाही. तिने डोळे मिटून घेतले.