ताडपत्रीखालचा ठिपका

आपत्ती नियंत्रण कक्षातला चहा वाफाळता होता आणि डॉ. शाल्मली गायधनीला त्या चहाचाच राग येत होता. भिंतभर पडद्यावर बुडालेलं शहर पसरलं होतं. नदीकाठच्या बंगलेवाल्यांच्या वसाहतीत गच्चीगच्चीवर लाल ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एका माणसाच्या अंगाची ऊब. पुरावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमधून ती टिपणारा ऊष्मागणक शाल्मलीनेच बनवला होता. ठिपके जास्त तिथे गणक आपणहून बिनचालक नाव धाडी. नाव निघाल्यावर ठिपके विझले की माणसं उचलली गेली असं तो धरी, आणि त्या जागी हिरवी अक्षरं उमटत : सुटका पूर्ण.

भट्टीवस्तीवर एकच ठिपका होता, मोठा आणि फिकट.

"म्हैस असेल," नियंत्रण अधिकारी साबळे म्हणाले.

"साहेब, ती माझी आत्या आहे. आणि तिच्यासोबत अख्खी वस्ती."

शाल्मली त्या वीटभट्टीवरच लहानाची मोठी झाली होती. पूर आला की भट्टीवाले विटांच्या ढिगावर चढत, कच्च्या विटा झाकायची ताडपत्री डोक्यावरून ओढत आणि एकमेकांना चिकटून बसत. पोरं मधे, त्यांच्याभोवती म्हातारी, धडधाकट माणसं कडेला. ऊष्मागणकाची चाचणी मात्र एका सोसायटीच्या गच्चीवर झाली होती. तिथे सगळे ऐसपैस उभे होते. चिकटून बसलेली माणसं वेगळी मोजायला गणकाला कोणी शिकवलंच नव्हतं.

"तुम्ही हाताने नाव पाठवा," ती म्हणाली.

"मी पाठवली तर जबाबदारी माझी. गणकाने पाठवली तर शासनाची."

"शासनाची म्हणजे नेमकी कोणाची?"

साबळ्यांनी कप खाली ठेवला. "वर विचारलंय. उत्तर आलं की सांगतो."

वर विचारलेल्या गोष्टींचं काय होतं, हे शाल्मलीला वस्तीत असल्यापासून ठाऊक होतं. तिने आत्याला फोन लावला.

"आत्ये, ताडपत्री काढा. हातभर अंतर ठेवून बसा. तरच हे तुम्हाला मोजतील."

"खुळी का तू? वारं कसलं सुटलंय. पोरं गारठतील की."

"नाव येईपर्यंतच. माझं ऐक."

आत्याने ऐकलं. पडद्यावरचा डाग फुटला आणि ढिगावर ठिपकेच ठिपके झाले. गणकाने क्षणात नाव सोडली. साबळ्यांच्याही चेहऱ्यावर हसू आलं.

मग एक ठिपका फिकटला आणि विझला. पाठोपाठ दुसरा.

"काय झालं?" साबळ्यांनी विचारलं.

"ओल्या अंगाला वारा लागला की ऊब निघून जाते. कातडी गार पडली की गणकाला दिसत नाही." तिने विझलेल्या जागेकडे बोट दाखवलं. "लहानांची आधी पडते."

"नाव अर्ध्या वाटेत आहे. त्यांना जरा कळ काढायला सांगा."

"पोरं मरतील, साहेब."

तिने फोन तोंडाशी धरला. "आत्ये, सगळे एकत्र या. पोरांना मधे घ्या. ताडपत्री ओढा, लवकर."

ठिपके भराभर एकमेकांत मिसळले. पुन्हा एकच फिकट डाग उरला. पोरं वाचणार होती.

तेवढ्यात भट्टीवस्तीवर हिरवी अक्षरं उमटली.

नाव निघाली होती, ठिपके नाहीसे झाले होते; उरलेला डाग गणकाच्या हिशेबात नव्हता. गणकाने शिकवल्यासारखंच केलं होतं. भर पुरात नाव वळली आणि बंगल्यांच्या दिशेने निघाली.

"फिरवा ती," शाल्मली म्हणाली.

"सुटका झालेल्या जागी पुन्हा नाव नेता येत नाही. नवे ठिपके दिसले तरच." साबळ्यांनी टेबलावरचा छोटा पडदा तिच्याकडे वळवला. त्यांची नजर खाली होती. वरून उत्तर आलं होतं : भट्टीवस्तीच्या तत्पर सुटकेबद्दल कक्षाचं अभिनंदन.

फोनमधून आत्याचा आवाज आला. "शाले, पोरं जरा उबली गं. पर नावंचा दिवा लांब चाललाय."

शाल्मली पडद्यावर नाव लांब जाताना पाहत होती.

मग दबक्या आवाजात, पोरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने आत्याने विचारलं, "पुन्हा सुटं बसायचं का आम्ही?"