चार नंबरची माती

"जरा पाय उचलता का?"

सुचिता त्याच्याशी पहिल्यांदा बोलली ते एवढंच. मलकापूरच्या एसटी स्टँडवर भर उन्हात ती हातात चमचा घेऊन उकिडवी बसलेली, आणि तिला हवी असलेली माती नेमकी रसवंतीवाल्याच्या डाव्या चपलेखाली.

गोविंदानं पाय उचलला. काऊन, कशाले, काही विचारलं नाही. बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला. मागे चरक घुंगरं वाजवत रिकामाच फिरत होता. सुचितानं दोन चमचे माती पिशवीत भरली, वर '४' लिहिलं, मान वर केली... तर हा अजून एका पायावरच.

"झालं. ठेवा आता."

"काय?"

"पाय."

सुचिता बुलढाण्याला एम.एस्सी. करत होती. वर्दळीच्या जागेतल्या मातीत कोणत्या बुरश्या आणि यीस्ट राहतात, हा तिचा विषय. स्टँडवरच्या पाच जागा, आठ सोमवार. चार जागा फाटकाकडं, अन् ही एक रसवंतीपुढं. दिवसभर हजार पाय तुडवतात, वरून पिचकाऱ्या मारतात, तरी खाली हे जीव गुण्यागोविंदानं नांदतात, यीस्टला तर गोड फार आवडतं, असं तिनं समजावून सांगितलं. गोविंदा म्हणाला, आमच्या घरासारखंच हाय म्हना.

पण शेजारी फुटाणे विकणारी त्याची आत्या, वच्छलाबाई, तिला यीस्टबिस्ट काही पटेना. परकी पोरगी जवान पोराच्या पायाखालची माती कशाला नेते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. करणीला! आणि ही तर दिवसाढवळ्या, पिशवीवर आकडा टाकून नेत होती. दर सोमवारी सुचिताची गाडी हलली, की आत्या भाच्यावरून मीठ-मिरच्या उतरवून चहावाल्याच्या शेगडीत टाकायची. मग अर्धा स्टँड खोकायचा.

करणी लागली होती खरी, फक्त कुणी कुणाला केली ते ठरत नव्हतं. सुचिताचं काम अकराला संपायचं. ती दोनच्या गाडीनं जायला लागली. तिच्या ग्लासात बर्फ कमी आणि आलं जास्त... न सांगता. ग्लास देताना बोटाला बोट लागायचं नाही. आता लागणार — असं वाटेपर्यंत तो ग्लास फळीवर ठेवून मोकळा व्हायचा.

तिसऱ्या सोमवारी ती सहज बोलून गेली, "चार नंबरात काही खास उगवलंच नाही. असंच राह्यलं त सर ही जागा काढून टाकतील."

गोविंदानं चरकात ऊस पाचटासकट घातला.

आणि पुढच्या सोमवारपासून चार नंबर उधळला. काचेच्या बशीत यीस्टचे पांढरे ठिपके आधी पन्नास, मग तीनशे, मग मोजताच येईनात. सर हरखले. मलकापूरच्या मातीत काहीतरी विशेष आहे, हेच नागपूरच्या परिषदेत मांडू, म्हणाले. पोस्टर छापायला गेलं. सुचिताची पदवी आता त्या एका जागेवर उभी होती. पण फाटकाकडच्या चारही जागा गप्प आणि हीच कशी एवढी बोलकी, हे तिला कळेना. आठवा सोमवार झाल्यावर ती गुरुवारीच न सांगता येऊन धडकली.

गोविंदा चार नंबरवर वाकला होता. हातातला भरलेला ग्लास तुळशीला पाणी घालावं तसा, गोल गोल फिरवत, मातीत ओतत होता. वरून लिंबूही पिळणार होता, पण विचार करून थांबला.

"काय करून राह्यले?"

तो दचकला. "खायले घालून राह्यलो... त्याईले."

"कोणाले?"

"तुमच्या यीस्टले. रोज दोन गिलास. रविवारी तीन."

सुचिता उसाच्या मोळीवर मटकन बसली. सरांची परिषद, छापलेलं पोस्टर, तिची पदवी, सगळं याच्या रसावर पोसलेलं!

"काऊन पण?"

"जागा बंद झाली असती..." तो ग्लासाकडं बघत म्हणाला, "त तुमी माह्या गाड्याकडं कशाले आल्या असत्या?"

तिनं तिथूनच सरांना फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. सरांनी आधी पोस्टरवाल्याचा नंबर मागितला. मग म्हणाले, आठ सोमवार पहिल्यापासून. या उन्हाळ्याची परीक्षा हुकली समजा.

तिचे डोळे भरले. गोविंदाचा चेहरा उसाच्या चोथ्यासारखा झाला.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. जरा थांबून, "...आठ सोमवार?"

"हसू नका."

"नाई हसून राह्यलो."

"एक थेंब जरी सांडला ना —"

"नाई सांडत. पन आठ झाल्यावर?"

सुचितानं पर्समधून चमचा काढला.

"पाय उचला."

"आज त गुरुवार हाय."

"माहीत हाय मले."

त्यानं पाय उचलला. तिनं माती भरली. पिशवीवर आकडा टाकला नाही, आणि पिशवी नमुन्यांच्या डब्यात न ठेवता पर्समध्ये, आरशाशेजारी ठेवली.

वच्छलाबाईनं मिरच्या मुठीत धरूनच ठेवल्या होत्या. तिनं पर्सकडं पाह्यलं, पोरीच्या तोंडाकडं पाह्यलं, अजून एका पायावर उभ्या भाच्याकडं पाह्यलं; अन् मिरच्या परत डब्यात टाकल्या.

"हे आता नाई उतरत," ती म्हणाली, आणि फुटाण्याचा पुडा सुचितापुढं सरकवला. "बस पोरी. दोनची गाडी लेट हाय."