मामाकडची खूण

"श्रीदेवी, पोर पदरात घे. कुणाचं, ते विचारू नगंस!"

सासूबाईंना जाऊन कैक वर्षं लोटली, तरी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या श्रीदेवीच्या कानी तोच आवाज घुमत होता... त्या दिवशी नवऱ्याने, शिवलिंगप्पांनी, मान खाली घालून म्हटलं होतं, "माझंच हाय. बाहेरचं." तो दाह तिने सोमवारच्या उपासांत मुकाट गिळला, चन्नवीरला पोटच्या लेकरासारखं वाढवलं, पण नवऱ्याच्या कपाळी विभूती लावायला तिचा हात पुन्हा कधी उठला नाही!

आणि आता मोहोळजवळ टॉवेलचा टेम्पो जळाला होता. निघाले दोघं, ड्रायव्हर आणि चन्नवीर. देह सापडला एकच, ओळख न पटणारा. म्हणून शिवलिंगप्पांचं रक्त तपासायला नेलं होतं.

साहेब म्हणाले, "मावशी, बाप-लेक म्हणून जुळत नाही."

"सिद्धरामा, पावलास रे देवा!" ती रडता रडता हसली. "ऐकलंत का अहो? आपला चन्नू न्हाय तो! भिऊन लपला असेल मेला कुटंतरी... येऊ दे घरी, कानच धरते!"

शिवलिंगप्पा मात्र भिंत धरत खाली बसले...

"थांबा मावशी," प्रयोगशाळेतून आलेल्या धम्मप्रिया मॅडम हळूच म्हणाल्या. "बाप-लेक नाहीत, पण रक्ताचं नातं आहे. काही जनुकांवर मिथाइल नावाच्या रसायनाच्या बारीक खुणा असतात. आईकडून आलेल्या भागावर वेगळ्या, वडिलांकडून आलेल्यावर वेगळ्या. यांच्याशी जुळणारा भाग मृताला आईकडून आलाय. हे त्याचे... मामा असावेत."

मामा! हसू ओठांवरच गोठलं. नवऱ्याला बहीण एकच, मुक्ता. लग्नाआधी बरेच महिने अक्कलकोटला मावशीकडे ठेवलेली, आता वैरागला नांदणारी...

"अहो... चन्नू मुक्ताचा?"

"व्हय. तिचं लगीन मोडलं असतं की. आईनं पदर पसरला माझ्यापुढं."

"आणि माझा तिरस्कार? तो कसा सोसलात हो?"

"तू पोराला घास भरवत होतीस, श्रीदेवी. आणखी काय पायजे होतं मला?"

एकाच क्षणी तिला नवरा परत मिळाला होता... आणि लेक गेला होता! ती त्यांच्या पायांवर कोसळली.

"मुक्ताला शब्द दिलाय," ते पुटपुटले, "पोराला काय झालं तर परक्याच्या तोंडून कळू देणार न्हाय. पण पायच उचलंना बघ..."

तिने पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"तुमी दवाखान्यात चन्नूजवळ थांबा. त्याला एकटं ठेवू नका."

बाहेर ऊन रखरखत होतं. डोक्यावर पदर घेऊन ती वैरागच्या एस.टी.कडे चालू लागली.